उतरंड खाली आली

पनवेलच्या कोळीवाड्यात उतरंड खाली यायची ती दोनच वेळा. एक नारळी पौर्णिमेच्या आधी, चिंच लावून घासायला. दुसरी, घर वाटलं गेलं की. घासायला काढलेली उतरंड दिवस मावळायच्या आत परत फळीवर चढते. वाटणीची चढत नाही. ती भांडी ओट्यावर मांडतात, पोरांचा मामा येतो, हंडा इकडं आणि कळशी तिकडं करतो, आणि त्या दिवसापासून एका घराच्या दोन चुली मोजल्या जातात. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. लिहायची गरजच पडली नाही.

गुणाबाईच्या बाहेरच्या खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी होती आणि फळीवर पितळेच्या तीन उतरंडी. खाली हंडा, त्यावर धाकटा हंडा, मग कळश्या उतरत्या मापाच्या, आणि टोकाला तांब्या, स्लॅबला आता टेकेल की मग टेकेल असा. एक उतरंड सासूची. एक तिच्या लग्नातली. तिसरी तिनं नवरा काशिराम गेल्यावर बाजारात सुकी मासळी विकून उभी केली होती, एका वर्षाला एक भांडं, कधी तेही नाही. पाहुणा आला की खुर्ची अशी ठेवायची की त्याचं तोंड फळीकडं होईल. मग चहा उशिरा आला तरी चालतो.

फळीखाली लोखंडी खाट होती. एप्रिलपासून त्या खाटेवर तिचा नातू शार्दूल झोपायचा.

शार्दूल जानेवारीत जन्मला, ठाण्याला, आपल्या आजोळी. त्याच महिन्याच्या सव्वीस तारखेला भुजकडं जमीन हलली आणि पार पनवेलपर्यंत पंखे झुलले. ते दोन हजार एक साल. नंतर आठवडाभर टीव्हीवर पडलेली घरं दाखवत होते. कोळीवाड्यानं ती पाहिली, हळहळ केली आणि कामाला लागला.

गुणाबाईची सून वसुंधरा मात्र तिथं थांबली नाही. ती नवीन पनवेलच्या एका शाळेत शिकवायची. ठाण्याच्या नोकरदार घरातली. गुणाबाईच्या मुलाशी, शैलेशशी, तिचं लग्न दोघांनी आपसात ठरवलेलं. गुणाबाईनं तेव्हा एवढंच पाहिलं होतं की पोरगी मासळी बघून नाक मुरडत नाही. बाकी जातपात, माहेरचं बोलणं, सगळं तिनं पोटात घातलं होतं आणि पोटात घातलंय हे महिन्यातून एकदा बोलूनही दाखवलं होतं. एप्रिलमध्ये बाळाला घेऊन वसुंधरा सासरी आली, आणि पंधरा दिवसांत शाळेनं सगळ्या शिक्षकांना भूकंपाच्या शिबिराला बोलावलं. दोन दिवस ती तान्ह्याला काखोटीला मारून गेली. तिसऱ्या दिवशी हातात वही आणि पेन्सिल घेऊन घरभर फिरायला लागली.

"आई, हे कपाट भिंतीला बांधलेलं नाही."

"कपाट काय म्हैस हाय, बांधून ठेवायला?"

"जमीन हलली की उंच कपाट पुढं कलतं. भरलेलं असलं तर एका माणसाला थोपवत नाही."

"वीस वरसं एका जागी उभं हाय ते. तुझ्यापेक्षा जुनं हाय या घरात."

वसुंधरानं वहीत काहीतरी लिहिलं. गॅसच्या टाकीला साखळी हवी. खाटेच्या उशाशी काशिरामचा काचेचा फोटो आहे, तो समोरच्या भिंतीवर हवा.

"माझा दादला जिता होता तवा कुणाच्या अंगावर पडला नाय," गुणाबाई म्हणाली. "आता फोटोतून पडंल?"

"फोटो नाही पडणार, आई. काच पडेल."

गुणाबाई मोरीत जाऊन उगाच बादली हलवून आली. परत येऊन पाहते तर वसुंधरा फळीखाली उभी राहून मान वर करून बघत होती.

"भांड्यांचं नाव काढायचं नाय," गुणाबाई म्हणाली.

वसुंधरानं नाव काढलं नाही. तिनं वही मिटली. हेच गुणाबाईला खटकलं. भांडणारी सून तिला कळली असती.

मे महिना अर्धा झाला. शैलेश तळोज्याच्या कारखान्यात होता. त्या आठवड्यात त्याची दुसरी पाळी, म्हणून सकाळी घरी असायचा. भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यानं विषय काढला.

"आये, अकरा जूनला शाळा उघडते तिची."

"ठाव हाय."

"तिची आई म्हणते, शार्दूलला ठाण्याला ठेवा. शनिवारी हिनं जायचं, रविवारी रात्री यायचं."

गुणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. नातू येणार म्हणून तिनं बाजारातली आपली बसायची जागा सोडली होती. पंचवीस वर्षं ती त्या एका फरशीवर बसली होती. ऊन कुठून येतं, गिऱ्हाईक कुठून वळतं, सगळं पाठ. ती जागा शेजारच्या गोदूबाईच्या सुनेला देऊन ती घरी बसली होती, पोर सांभाळायला. आणि आता पोर ठाण्याला.

"आणि मी काय करू? माशा मारू?"

"तू नको असं नाय म्हणत ती. तिला ठाव हाय तू आहेस ते. पण..." शैलेशनं फळीकडं बघितलं आणि पटकन भाकरीकडं.

"तोंडानं बोल. डोळ्यांनी नको."

"ती म्हणते, खाट हलवली तरी खोली केवढी? पोरगं उद्या रांगायला लागलं की फळीखालीच जाणार."

"तिनं सांगितलं तुला? भांडी काढा नायतर पोर नेते म्हणून?"

"नाय. तसं नाय बोलली."

"बोलली असती तर बरं होतं. भांडता आलं असतं."

शैलेश जेवून उठला आणि गेला. त्याच्या बापालाही असंच जमायचं. बोलायचं ते अर्धं बोलून चपला शोधायच्या.

दुपारी वसुंधरा आतल्या खोलीत पडली होती. शार्दूल खाटेवर झोपलेला, पाय फाकवून, बेडकासारखा. गुणाबाई खुर्चीत बसून फळीकडं बघत राहिली. पाहुण्यांना ती जिथं बसवायची तिथंच.

एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. त्या सव्वीस जानेवारीला सकाळी ती याच खोलीत दाराशी बसून बोंबील निवडत होती. आधी खिडकीची काच वाजली. मग फळीवर पितळ पितळाला घासल्यासारखा आवाज, आणि मधल्या उतरंडीचा तांब्या सुटून खाली आला. खाटेवर आला. उशीवर, जिथं डोकं असतं तिथं, तिथून घरंगळत लोखंडी दांड्यावर. तांब्याला पोचा पडला. घरात दुसरं कुणी नव्हतं. तिनं स्टूल घेतलं, तांब्या परत चढवला आणि पोचा भिंतीच्या बाजूला वळवून ठेवला. "तुमच्याकडं काय पडलंबिडलं काय?" असं गोदूबाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्याकडं कशाला पडंल?"

आता ती उठली. आधी शार्दूलला उचलून आत वसुंधराच्या कुशीत नेऊन ठेवला. मग स्टूल आणलं.

टोकाचे तांब्ये आधी. मग कळश्या, लहानापासून मोठीपर्यंत. चौथी कळशी उतरवताना वसुंधरा दारात आली.

"आई! थांबा, मी धरते."

"हात लावू नको. पाच महिन्यांची बाळंतीण तू. कंबर धरली तर तुझी आई माझ्या नावानं ठाण्यात दवंडी पिटंल."

"निदान स्टूल तरी धरू द्या."

"स्टूल धर."

हंडे उतरवायला मात्र दोघी लागल्या. सगळं जमिनीवर आल्यावर भिंत भलतीच मोठी दिसायला लागली. फळीवर धुळीत गोल खुणा राहिल्या होत्या. गुणाबाईनं त्या फडक्यानं पुसल्या आणि पदराला हात पुसत म्हणाली, "आण ती वही. काय काय लिवलंयस ते वाच."

गुणाबाई दुसरीत शाळा सोडलेली. सही करायची, गाडीवरचे आकडे ओळखायची, त्यापुढं नाही. वसुंधरा जमिनीवर मांडी घालून वाचायला लागली. जड वस्तू खाली, हलक्या वर. माणूस झोपतं त्याच्या डोक्यावर काही नको. सुटं काही ठेवायचं नाही. उशाशी चपला आणि बॅटरी, कारण फुटलेल्या काचा अंधारात आधी पायाला सापडतात. गॅस कुठं बंद होतो ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. प्यायचं पाणी साठवलेलं हवं.

"परत वाच. जड खाली..."

"जड खाली, हलकं वर, सुटं काही नाही."

"हे लिवणारा होडीवर गेलेला दिसतो," गुणाबाई म्हणाली. "माझा बा हेच ओरडायचा. बरफ तळाला, जाळं त्यावर, आणि सुटा डबा दिसला की समुद्रात फेकायचा. तुमच्या शाळेत हे आता कळलं व्हय?"

त्यानंतर हुकूम गुणाबाईचे होते. फळीवर प्लॅस्टिकचे डबे आणि गोधड्या गेल्या. मोठे हंडे भिंतीशी जमिनीवर बसले, पाणी भरून, वर झाकणी. काशिरामचा फोटो समोरच्या भिंतीवर गेला, काच काढून. तिथून त्याला दार दिसायला लागलं. "बसा बघत, कोण येतं जातं," ती त्याला म्हणाली. खाट खिडकीपासून आणि फळीपासून लांब, आतल्या भिंतीला सरकली.

कपाटानं रविवार खाल्ला. शैलेशनं कुणाची तरी ड्रिल मशीन आणली, दोन लोखंडी कोन लावले आणि मागं होऊन हात झाडले. गुणाबाईनं कपाटाला एक खांदा दिला. कोन स्क्रूसकट बाहेर आला, मागोमाग मूठभर प्लास्टर.

"शाबास. एवढं तर माझ्यानं हललं. जमिनीला मेहनतच नको."

"प्लास्टरमध्येच बसले ते," वसुंधरा म्हणाली. "विटेत जायला हवेत. नाहीतर आरपार बोल्ट घालून बाहेरून पट्टी लावायची."

मग भिंतीतून आरपार बोल्ट गेले आणि बाहेर गल्लीच्या बाजूला पट्टी लावून नट आवळले. आता गुणाबाईनं खांदा दिला, शैलेशनं दिला. कपाट जागचं हललं नाही.

इथवर सगळं नीट झालं. चूक झाली ती सोमवारी. उतरवलेल्या लहान कळश्या आणि तांब्ये काळवंडले होते. आलंच आहे हातात तर घासून घ्यावं म्हणून गुणाबाईनं ते बाहेर ओट्यावर मांडले आणि चिंच भिजत घातली. नारळी पौर्णिमेला अजून अडीच महिने होते. गल्लीनं भांडी पाहिली, उघड्या दारातून पितळ नसलेली फळी पाहिली, बाहेरच्या भिंतीवर नवी लोखंडी पट्टी पाहिली. पट्टीचा अर्थ असा लागला की मधे भिंत घालायला सुरुवात झाली.

गोदूबाई आली आणि ओट्याच्या कडेला टेकली.

"गुणाबाय, चिंच जास्त नको लावू."

"मना शिकवतेस?"

"नाय गो. बरं, आतली खोली तुझी का बाहेरची?"

"दोनी माझ्या. का?"

गोदूबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बोलू नको बाय. कळतं मना. माझ्याकडं पण असंच झालं होतं." आणि डोळ्यांना पदर लावून निघून गेली. गुणाबाई हातात तांब्या घेऊन बसून राहिली. पुढच्या घरची बाई जाता जाता म्हणाली, शिकलेल्या सुना अशाच. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला.

सांगून टाकता आलं असतं. पण काय सांगायचं? की गुणाबाई घाबरली? आणि सुनेनं वही वाचली म्हणून फळी रिकामी केली? त्यापेक्षा घर वाटलं गेलं म्हटलेलं बरं, असंही तिला घटकाभर वाटलं. तिनं भांडी घासली, आत नेली आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी सकाळी दीनानाथ आला. हा गुणाबाईचा धाकटा भाऊ, उरणजवळ करंज्याला राहणारा, स्वतःच्या होडीचा मालक. पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्याला ओढायचे दिवस जवळ आले होते, एकेक फेरी मोलाची, तरी आला होता. इस्त्रीचा सदरा घालून. मामाचं काम करायला.

"बाय," तो खुर्चीत बसून म्हणाला, तोंड गोधड्यांच्या फळीकडं, "मना निरोप तरी धाडायचास. बाजारात लोकांकडून कळावं?"

"काय कळलं?"

"आता लपवून काय करतंस? शैलेश कुठं हाय? त्याला बोलव. सासूची उतरंड मोडायची नाय, ती अख्खी तुझी. बाकीची निम्मी निम्मी." आणि तो उठून हंडे मोजायला लागला. एकाचं झाकण उघडून म्हणाला, "यात पाणी का भरलंय?"

दार उघडं होतं. गोदूबाई ओट्यावर होती, तिच्या मागं आणखी दोघी. वसुंधरा आतल्या दारात, शार्दूल कडेवर. तिला काय चाललंय ते आता कळलं.

"मामा, वाटणी नाहीये ही. मी आईंना..."

"तू गप," गुणाबाई म्हणाली.

दीनानाथनं बहिणीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं. तो वाईट माणूस नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "वाटणी नाय ना? मग झालं. आत्ताच्या आत्ता वर चढव. मी देतो एकेक. ह्या सगळ्या हायेत बघायला. तासाभरात अख्ख्या वाड्याची तोंडं बंद. नायतर बाय, जल्मभर बोलतील."

खरं होतं ते. स्टूल तिथंच भिंतीशी उभं होतं.

गुणाबाईनं वसुंधराकडं पाहिलं. वसुंधरा चढवू नका म्हणाली नाही. तिनं फक्त शार्दूलला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आणि गुणाबाईला अकरा जून दिसला: पोर ठाण्याला, ती इथं खुर्चीत, समोर भरलेली फळी आणि बघायला पाहुणे.

"नाय चढवत," ती म्हणाली.

"का पण?"

"सव्वीस जानेवारीला यातला तांब्या पडला. उशीवर. ते पोर तवा ठाण्याला होतं म्हणून. गोदे, तू विचारलंस तवा मी खोटं बोलले. मना भ्या वाटलं. झालं समाधान?"

गोदूबाई ओट्यावरून उठली.

"सुनेनं वही वाचली, मी भांडी उतरवली. सुनेचं ऐकलं. पुढं? दीना, तुझ्या होडीच्या नाळीवर, त्या पुढच्या उंच टोकावर, रिकामा हंडा ठेवतोस?"

"होडीवर कोण ठेवील? येडा झालोय मी?"

"का नाय ठेवत?"

"होडी हलते, बाय."

"मग."

दीनानाथनं उघडलेलं झाकण हंड्यावर परत ठेवलं. मग म्हणाला, "पण ही जमीन हाय."

"भुजवाल्यांची पण जमीनच होती."

त्यानंतर दीनानाथनं चहा घेतला. जाताना त्यानं कपाटाला हळूच ढकलून पाहिलं, मग जरा जोरात. बाहेर जाऊन नट बघितले आणि म्हणाला की खाऱ्या हवेत गंजतील, ग्रीस लावा. गोदूबाई त्याआधीच गेली होती.

संध्याकाळी वसुंधरा कोपऱ्यावरच्या फोनवर जाऊन आली.

"आईशी बोलले," ती चपला काढत म्हणाली. "शार्दूल इथंच राहील म्हणून सांगितलं."

"तिला राग आला असंल."

"थोडा."

"येऊ दे. येतील तवा खुर्चीत बसव." मग आठवून म्हणाली, "बघायला आता काय नाय म्हणा. पोर बघतील."

अकरा जूनला वसुंधरा शाळेत गेली. दूध किती, कोमट किती, गॅसची चावी कुठल्या बाजूला फिरते, हे तिनं दारात उभं राहून तीनदा सांगितलं. गुणाबाईनं तीनदा ऐकून घेतलं आणि चौथ्यांदा दार लावलं.

वाडा मात्र काही ऐकणारा नव्हता. गुणाबाईनं खरं सांगितलं ते सगळ्यांनी ऐकलं आणि आपसात ठरवलं की म्हातारी घराची अब्रू झाकतेय. भूकंपाला भिऊन कुणी उतरंड उतरवतं होय? दिवाळीनंतर लग्नं निघाली. कोळीवाड्यात आमंत्रण चुलीमागं एक असतं. गुणाबाईच्या दाराशी दोन पत्रिका आल्या. एकीवर तिचं नाव, एकीवर शैलेशचं.

"परत करू?" शैलेशनं विचारलं.

"कशाला? दोन घरचं जेवण हाय. माणसं तीन आणि अर्धं."

हळदीला ती शार्दूलला कडेवर घेऊन गेली. पोरगं तेव्हा भिंत धरून उभं राहायला लागलं होतं आणि अंगानं चांगलं जड झालं होतं. पंगतीत वाढणाऱ्या बाईनं पानं मोजताना विचारलं, "हे पोर तुमच्याकडं का शैलेशकडं धरायचं?"

"माझ्या मांडीवर धर," गुणाबाई म्हणाली, "आणि भात वाढ."

बाईनं दोन्हीकडं धरलं. भात दोनदा आला. गुणाबाईनं एक वाटी बाजूला काढली आणि पोराला भरवायला घेतली.